पाचशे पंचवीस पट दाखवणारी दुर्बीण

पत्र : माझं वय ५४, ग्रंथालयात नोकरी करते. शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची हौस लहानपणापासूनची, आता कुठे सवड मिळाली आहे. तीन दुर्बिणी नजरेसमोर आहेत. पहिली ६० मिलिमीटरची. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५२५ पट’ लिहिलंय आणि सोबत बरेच आयपीस, म्हणजे डोळा लावायची बदलती भिंगं, आहेत. दुसरी ११४ मिलिमीटरची, फोकल लेंथ १००० मिलिमीटर, पण नळी आखूड आणि खाली वजन लावलेला दांडा असलेलं स्टँड. तिसरी भाच्याने सुचवलेली, २०० मिलिमीटरची डॉब्सोनियन. तो म्हणतो, ‘मावशी, अ‍ॅपर्चर म्हणजेच सगळं. एकदाच घे, मोठी घे.’ मी दुसऱ्या मजल्यावर राहते, गच्ची पाचव्या मजल्याच्या वर, लिफ्ट नाही आणि गुडघे कुरकुरतात. अ‍ॅपर्चर म्हणजे नेमकं काय? पट जास्त असण्यापेक्षा ते महत्त्वाचं कसं? आणि यातली कुठली घेऊ?

उत्तर :

नमस्कार.

तिन्हींपैकी एकही घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. चौथी एक आहे, तिच्याकडे येईनच. पण तुम्ही ‘कुठली घेऊ’च्या आधी ‘अ‍ॅपर्चर म्हणजे काय’ विचारलंत, तर मीही त्याच क्रमाने जातो. ते एकदा कळलं की पुढच्या वेळी मला विचारावं लागणार नाही.

सुरुवात त्या ५२५ पासून. गंमत अशी की आकडा खोटा नाही. दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे काढायला दुर्बिणीच्या फोकल लेंथला आयपीसच्या फोकल लेंथने भागायचं. (फोकल लेंथ म्हणजे भिंगापासून किंवा आरशापासून किरण जिथे एकवटतात तिथवरचं अंतर.) ६० मिलिमीटरच्या या दुर्बिणींची फोकल लेंथ बहुधा ७०० असते आणि पिशवीतला सगळ्यात छोटा आयपीस ४ मिलिमीटरचा. सातशे भागिले चार म्हणजे १७५. त्यात तीन पट करणारं बार्लो भिंग घाला, झाले ५२५. गणित चोख आहे. तेवढाच गुणाकार करून कोणत्याही दुर्बिणीवर कोणताही आकडा छापता येतो, आणि म्हणूनच त्या आकड्याला काही अर्थ नाही. पट ही दुर्बिणीची अंगभूत गोष्टच नव्हे. आयपीस बदलला की पट बदलते. दुर्बिणीत बदलत नाही ते एकच, पुढच्या भिंगाचा किंवा मागच्या आरशाचा व्यास. त्यालाच अ‍ॅपर्चर म्हणायचं. तुमच्या ६०, ११४ आणि २०० या आकड्यांचा अर्थ तोच.

हा व्यास दोन वेगवेगळी कामं करतो. लोक पहिलं सांगतात आणि दुसरं विसरतात.

पहिलं काम प्रकाश गोळा करण्याचं. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर साधारण पाचपर्यंत. पाच धरू. प्रकाश जमतो तो क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. साठ मिलिमीटरचं भिंग पाच मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा व्यासाने १२ पट, प्रकाशाने १४४ पट. एकशेतीस मिलिमीटरचा आरसा (ती चौथी दुर्बीण याच व्यासाची) व्यासाने २६ पट, प्रकाशाने ६७६ पट. दोनशेचा आरसा १६०० पट. (आरशाच्या दुर्बिणीत वाटेत एक छोटा तिरका आरसा असतो, तो थोडा प्रकाश अडवतो, तो हिशेब मी सोडून दिलाय.) म्हणजे साठवरून एकशेतीसला जाताना व्यास दुपटीहून जरासा जास्त होतो, पण प्रकाश साडेचार पटींहून अधिक वाढतो. ताऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर नुसत्या डोळ्यांना चांगल्या अंधारात सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात; साठ-सत्तर मिलिमीटरला अकराव्या प्रतीच्या आसपासचे, एकशेतीसला साडेबाराच्या आसपासचे. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा फिका.)

दुसरं काम बारकावे वेगळे करण्याचं, आणि शनीची कडी बघायची असतील तर तुम्हाला याचं महत्त्व अधिक. प्रकाश ही लाट आहे. गोल कडेतून आत येताना ती थोडी पसरतेच, भिंग कितीही निर्दोष असलं तरी. त्यामुळे दुर्बिणीत तारा बिंदू दिसत नाही, एक चिमुकली चकती दिसते आणि तिच्याभोवती फिकट वलयं. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये या चकतीचं गणित मांडलं. त्यातली कळीची गोष्ट ही की व्यास जितका मोठा तितकी चकती लहान. दोन तारे जवळजवळ असले आणि चकत्या मोठ्या असल्या तर त्या एकमेकींत मिसळतात. लहान असल्या तर वेगळ्या राहतात. विल्यम डॉझ हे एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश धर्मोपदेशक जोडतारे पाहण्यात फार तरबेज होते. त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणांवरून एक सोपा नियम बसवला : ११६ ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, म्हणजे किती विकला अंतरावरचे दोन तारे वेगळे दिसतील ते कळेल. (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला.) साठ मिलिमीटरला उत्तर येतं १.९ विकला, एकशेतीसला ०.९, दोनशेला ०.६ च्या आत.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? सप्तर्षींतले वसिष्ठ आणि अरुंधती तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत असतील. दुर्बीण लावली की त्यातला वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा असल्याचं दिसतं. त्यांच्यातलं अंतर १४ विकला, म्हणजे साठ मिलिमीटरलाही सहज. आता अभिजित या तेजस्वी ताऱ्याच्या शेजारी जा. तिथे एक फिका तारा आहे, तो द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) दोन दिसतो. आणि त्या दोन्हींपैकी प्रत्येक पुन्हा जोडी आहे, अंतर दोन विकलांपेक्षा थोडंसं जास्त. साठ मिलिमीटरची दुर्बीण इथे अगदी काठावर येते. चार तारे आहेत हे माहीत असलेल्या माणसाला चार ‘दिसतात’. एकशेतीसमध्ये, हवा शांत असेल तर, दोन्ही जोड्यांमध्ये काळी फट स्पष्ट असते. त्यासाठी वाद घालावा लागत नाही.

आता ५२५ कडे पुन्हा बघा. साठ मिलिमीटरच्या भिंगाने जेवढे बारकावे आत घेतले तेवढेच आहेत. आयपीस त्यात भर घालू शकत नाही, फक्त ताणू शकतो. फोनवरचा धूसर फोटो बोटांनी कितीही मोठा केला तरी पाटीवरची अक्षरं वाचता येत नाहीत, तसंच. अनुभवाने ठरलेली मर्यादा अशी की मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुपटीपलीकडे पट नेण्यात अर्थ नाही. साठला १२०, एकशेतीसला २६०. आणि बहुतेक रात्री हवाच एवढी हलत असते की मोठ्या दुर्बिणीलाही दोनशेपुढे फारसं काही मिळत नाही.

पण ५२५ नुसतं निरुपयोगी नाही, त्रासदायकही आहे. आयपीसमधून डोळ्यात जाणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी म्हणजे व्यास भागिले पट. साठ भागिले ५२५ म्हणजे मिलिमीटरचा नववा हिस्सा. एवढ्या बारीक झोतात चित्र काळवंडतं आणि स्वतःच्या डोळ्यातले तरंगणारे कण, धागे मात्र छान दिसू लागतात! शिवाय पृथ्वी फिरते आहे. तासाला पंधरा अंश. दुर्बिणीतून दिसणारा आकाशाचा तुकडा त्या पटीला इतका लहान होतो की ग्रह वीसएक सेकंदांत एका टोकाकडून दुसरीकडे निघून जातो. तो परत पकडायला तुम्ही नळीला हात लावता, स्वस्तातलं तिपाई स्टँड थरथरतं, आणि ती थरथरही ५२५ पट मोठी होऊन दिसते. बरेच लोक ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून दुर्बीण माळ्यावर टाकतात ती इथेच. दोष त्यांचा नसतो.

व्यासाबद्दल आणखी एक खाचखळगा. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ती दुर्बीण साधारण वीस पटींची होती, आणि भिंगाच्या कडेचा भाग चांगला घासला गेलेला नव्हता म्हणून त्याने पुढे कडं बसवून तो भाग झाकून टाकला होता. व्यास कमी झाला, चित्र सुधारलं. हे त्याने उघडपणे केलं. आजच्या काही अगदी स्वस्त दुर्बिणींत हेच नळीच्या आत गुपचूप केलेलं असतं : पुढे साठचं भिंग, आत छोट्या भोकाची चकती, आणि प्रत्यक्ष वापरात येतात चाळीस. तपासायचं असेल तर दुर्बीण आधी दूरच्या वस्तूवर फोकस करा, सगळ्यात जास्त फोकल लेंथचा आयपीस लावा आणि अंधाऱ्या खोलीत आयपीसच्या मागून टॉर्च मारा. पुढच्या तोंडाशी कागद धरा. कागदावर जो गोल पडेल तो तुमचा खरा व्यास. पट्टीने मोजा.

दुसऱ्या पर्यायाचं, ११४ मिलिमीटरचं, तुम्हीच अर्धं निदान केलं आहे : फोकल लेंथ १००० आणि नळी आखूड. साध्या न्यूटनच्या रचनेत, म्हणजे मागे वाटीसारखा आरसा आणि पुढे छोटा तिरका आरसा, नळीची लांबी जवळपास फोकल लेंथएवढीच असते. हजाराची दुर्बीण अर्ध्या मीटरच्या नळीत बसली असेल तर फोकस करायच्या भागात एक जादा भिंग लपवून फोकल लेंथ ताणलेली आहे. रचना तत्त्वतः वाईट नाही, पण स्वस्तात ती क्वचितच नीट बनते. चित्र लोण्यासारखं मऊ राहतं आणि आरसे जुळवणं, म्हणजे कॉलिमेशन, नवख्याला त्यामुळे जास्तच जड जातं. शिवाय तो वजनाचा दांडा. त्याला इक्वेटोरियल माउंट म्हणतात. त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखला की एकच बटण फिरवून तारा नजरेत ठेवता येतो. भारी असेल तर उत्तम. हलका, पातळ पायांचा असेल तर आधी नळी कुठे वळते ते समजून घेण्यातच संध्याकाळ संपते. तुमच्या खोक्यातला बहुधा हलकाच असणार.

११४ ची फोकल लेंथ ९०० असलेली लांब नळीची दुर्बीण वेगळी, ती चांगली असते. हे एवढ्यासाठी सांगतो की आकडा सारखा पाहून गोंधळ होऊ नये.

आता भाचा. त्याचं बोलणं मनापासूनचं आहे आणि बरंचसं बरोबरही. डॉब्सोनियन हा दुर्बिणीचा प्रकार नव्हे, खालच्या बैठकीचा प्रकार; वर साधी न्यूटनची नळी आणि खाली लाकडी खोका, तो गोल फिरतो आणि नळी वर-खाली होते. जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने तो लोकप्रिय केला. हे गृहस्थ १९४४ ते १९६७ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. जहाजाच्या गोल खिडक्यांची जाड काच मिळवून आरसे घासायचे आणि दुर्बीण ढकलत रस्त्यावर आणून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. मठाला ते फारसं रुचलं नाही. माउंटवरचा खर्च कमी, म्हणून तेवढ्याच पैशात आरसा मोठा, हे त्यांचं साधं गणित आजही लागू आहे. समान खर्चात सगळ्यात जास्त व्यास हवा असेल तर डॉबला तोड नाही.

पण २०० मिलिमीटरच्या डॉबची नळी सव्वा मीटरच्या आसपास लांब असते आणि नळी व बैठक मिळून वजन वीस-पंचवीस किलो भरतं. दोन फेऱ्यांत न्यायची. चार मजले चढून. मग अर्धा-पाऊण तास तिथे ठेवून द्यायची, कारण आरसा घरातल्या उबेतून बाहेर आला की थंड होईपर्यंत नळीतली हवा हलत राहते आणि चित्र उकळत असल्यासारखं दिसतं. आणि रात्री अकरा वाजता, डोळ्यांवर झोप असताना, पुन्हा दोन फेऱ्या खाली. तुमच्या गुडघ्यांनी हे पहिल्या महिन्यात हौसेने केलं तरी पुढे ते नकार देतील. घरात उभ्या राहिलेल्या २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीचं अ‍ॅपर्चर शून्य.

भाच्याच्या ‘अ‍ॅपर्चर म्हणजेच सगळं’ला आणखी एक ठिकाणी चाप लावावा लागतो. दीर्घिका, तेजोमेघ अशा पसरट, फिक्या गोष्टी दुर्बिणीतून जास्त उजळ होत नाहीत! तारा बिंदूवत असतो म्हणून त्याचा सगळा गोळा केलेला प्रकाश एका जागी येतो. तेजोमेघ मात्र मोठा दिसतो तेव्हा त्याचा प्रकाशही तेवढ्याच मोठ्या जागेवर पसरतो. मोठा व्यास तुम्हाला देतो ती मुभा : तेवढाच उजळपणा राखून अधिक मोठं चित्र. आणि आकाश दिव्यांनी उजळलेलं असेल तर तो उजेडही त्याच आरशात तेवढ्याच प्रमाणात गोळा होतो. अंधाऱ्या आकाशाखालची लहान दुर्बीण देवयानी दीर्घिकेचा जो विस्तार दाखवेल तो दिव्यांच्या गर्दीतली दुप्पट व्यासाची दाखवू शकणार नाही. चंद्र, ग्रह, जोडतारे यांना मात्र दिव्यांचा काही फरक पडत नाही; ते स्वतःच पुरेसे उजळ असतात. तुमची मुख्य हौस शनीची आहे, तेव्हा गच्चीवरून आजूबाजूचे दिवे दिसतात म्हणून खट्टू होऊ नका.

तर चौथा पर्याय : १३० मिलिमीटरचा आरसा, ६५० फोकल लेंथ, छोट्या गोल बैठकीवरची, टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन. एकूण वजन सहा-सात किलो. एका हातात दुर्बीण, दुसरा हात कठड्याला, अशी चार मजले नेता येते, आणि आरसा लहान म्हणून थंडही लवकर होतो. ती ठेवायला स्टूल लागेल. ते गच्चीवरच ठेवून द्या. स्टूल डगमगणारं नको, ही एकच अट, पण ती अट फार मोठी आहे. डगमगणाऱ्या स्टुलावर ठेवलीत तर स्वस्त तिपाईबद्दल मी वर जे लिहिलं ते सगळं तुम्हालाही लागू होईल.

ही घेताना विक्रेत्याला एक गोष्ट नक्की विचारा : आरसा पॅराबोलिक आहे का? फोकल लेंथला व्यासाने भागलं की पाच येतात, याला एफ-पाच म्हणतात. एवढ्या खोलगट आरशाचा आकार साधा गोलाकार असून चालत नाही. कडेचे आणि मधले किरण एका जागी येत नाहीत आणि चित्र कधीच धारदार होत नाही. आठच्या आसपास असेल तर लहान आरशाला गोलाकारही खपून जातो. पाचला नाही. उत्तर ‘माहीत नाही’ आलं तर दुसरीकडे बघा.

१५० ची पूर्ण उंचीची डॉब का नको, असं भाचा नक्की विचारेल. लिफ्ट असती तर मी तीच सांगितली असती. विल्यम हर्शेल यांनी १३ मार्च १७८१ ला युरेनस शोधला तो साधारण १५७ मिलिमीटरच्या, स्वतः घासलेल्या आरशातून. म्हणजे तो व्यास काही लहान नव्हे. पण चार मजले हे चार मजले. आणि आरसे जुळवायची कटकट अजिबातच नको असेल तर ७० किंवा ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण, फोकल लेंथ ७०० ते ९००, दणकट साध्या स्टँडवर. कमी दाखवेल, पण जे दाखवेल ते नीट दाखवेल आणि वर्षानुवर्षं हात लावावा लागणार नाही. द्विनेत्री मी सहसा सगळ्यांना सुचवतो, तुम्हाला नाही. १० × ५० च्या द्विनेत्रीतून शनीची कडी दिसत नाहीत.

दिसेल काय, याबद्दल आधीच बोललेलं बरं, कारण खोक्यावरच्या छायाचित्रांनी अपेक्षा भलत्याच वाढवून ठेवलेल्या असतात. १३० मिलिमीटरच्या त्या दुर्बिणीसोबत बहुधा २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस येतील, म्हणजे २६ पट आणि ६५ पट. २६ पटीला शनी जरा लांबट ठिपका, नीट पाहिलं तर बाजूला कडी. ६५ पटीला कडी आणि ग्रह यांच्यामधला काळा अवकाश दिसू लागेल आणि शेजारी टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. दोन पटींचं बार्लो किंवा पाच मिलिमीटरचा आयपीस घेतलात की १३० पट, आणि शांत हवेच्या रात्री कड्यांमधली कॅसिनी फट. जिओव्हानी कॅसिनीने ती १६७५ मध्ये पाहिली. एक अट मात्र : मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती, म्हणजे जवळपास नाहीशीच झाली होती. त्यानंतर ती वर्षागणिक उघडत चालली आहेत आणि २०३२ च्या सुमाराला सर्वांत मोकळी दिसतील. सुरुवातीला ती बारीक वाटली तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

आकाराबद्दलही एक चमत्कारिक गोष्ट. १०० पटीला शनीची कडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नुसत्या डोळ्यांना पूर्ण चंद्र जेवढा दिसतो त्याच्या दुपटीएवढी असतात. गुरू तर ४० पटीलाच पूर्ण चंद्राएवढा होतो. आयपीसला डोळा लावलेल्या कोणालाही हे पटत नाही. भोवती काळं आकाश असल्यामुळे ग्रह वाटाण्याएवढा वाटतो आणि माणूस पट वाढवायला धावतो. धावू नका. त्याच पटीवर दहा मिनिटं बघत राहा. हवा मधूनच क्षणभर स्थिर होते आणि तेवढ्यात गुरूवरचे दोन पट्टे, त्यांची फाटकी किनार, कधी तांबडा डाग, असं एकेक उलगडतं. बघायला सरावलेला डोळा हे कोणत्याही खोक्यात मिळत नाही.

रंगाची आशा कमी ठेवा. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाही, म्हणून मृगातला तेजोमेघ राखाडीच दिसेल. तरीही तो बघाच, आणि सरळ न बघता नजर किंचित बाजूला ठेवून बघा. डोळ्याचा कडेचा भाग मंद उजेडाला जास्त संवेदनशील असतो. त्याआधी वीस-तीस मिनिटं फोनच्या पडद्याकडे बघायचं नाही. कृत्तिका २६ पटीला जवळजवळ पूर्ण मावतात, आणि माझ्या मते लहान दुर्बिणीतलं ते सगळ्यात सुंदर दृश्य आहे, शनीची माफी मागून.

चष्म्याचं : नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फोकसचं बटण तो फरक भरून काढतं. तिरपा नंबर जास्त असेल तर मोठ्या पटीला फार जाणवत नाही, लहान पटीला चष्मा लागेल. मग डोळा थोडा लांब ठेवता येईल असा आयपीस निवडा.

चित्र उलटं दिसेल. बिघाड नाही, आरशाच्या दुर्बिणीत तसंच दिसतं.

घरातून खिडकीच्या काचेआडून बघू नका, आणि बाल्कनीतही शक्यतो नको. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर गरम हवा सोडत असते. गच्चीचा स्लॅबही सोडतो, पण तिथे वारा असतो. उशिरा, लादी निवल्यावर जा.

आणि सूर्य. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही बघितलं तर डोळा कायमचा जातो, आणि दुखत नाही म्हणून त्या क्षणी कळतही नाही. आयपीसला लावायची काळी चकती पिशवीत आली असेल तर ती फेकून द्या. सगळा एकवटलेला सूर्यप्रकाश तिच्यावर पडतो आणि ती तडकते. सुरक्षित गाळणी फक्त एकाच प्रकारची, पुढचं तोंड पूर्ण झाकणारी, सूर्यासाठीच बनवलेली. ती नसेल तर दिवसा नळी आकाशाकडे वळवायचीच नाही, झाकण लावून ठेवायची.

दिवसाचा एक उपयोग मात्र आहे. दुर्बीण आली की पहिल्याच संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आधी, त्याच्याकडे पाठ करून, लांबच्या एखाद्या मनोऱ्याच्या टोकावर नळी रोखा. २५ चा आयपीस लावून ते टोक मधोमध आणा. मग नळीला हात न लावता वरच्या छोट्या फाइंडरचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, स्क्रू फिरवून त्यातला लाल ठिपका त्याच टोकावर बसवा. पाच मिनिटांचं काम. हे केलं नाही तर रात्री शनी शोधताना फाइंडर एकीकडे बोट दाखवेल आणि दुर्बीण दुसरीकडे बघत असेल. पहिल्या रात्री शनीच्या आधी चंद्र घ्या, तोही पौर्णिमेचा नव्हे, अष्टमीच्या आसपासचा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि फोकस कसा जुळवायचा ते तिथे पटकन हाताला बसतं.

भाच्याला २०० मिलिमीटरची इतकीच आवडत असेल तर त्याने स्वतःसाठी घ्यावी. तो तळमजल्यावर राहत असेल तर फारच उत्तम, तुम्ही अधूनमधून जाऊन त्यातून शौरी तारकासमूहातला मोठा तारकागुच्छ बघून याल. १३० मध्ये त्याच्या कडेचे तारे जेमतेम सुटे होतात. २०० मध्ये तो मध्यापर्यंत ताऱ्यांनी चमचमतो, आणि त्या बाबतीत तुमचा भाचा शंभर टक्के बरोबर आहे.